रमादादाने सोडलेला भात

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी मासळीची पिशवी हातात घेऊन नुकताच घरात शिरत होतो. "भावोजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरच्यांची मनाची तयारी झालेली असते, असं लोक म्हणतात. माझी झालेली नव्हती. पिशवी ओट्यावर ठेवली आणि तसाच बाहेर पडलो.

रमाकांत माझा मावसभाऊ, माझ्याहून थोडा मोठा, म्हणून रमादादा. मांडवीतलं मावशीचं घर तालमीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेत असल्यापासून तो तालमीत जायचा. तेव्हा खुराक म्हणजे भिजवलेले हरभरे, केळी, म्हशीचं दूध आणि दुधात फोडलेलं कच्चं अंडं. तालमीतले आण्णा सगळ्या पोरांना एकच सांगायचे, "दणकून जोर मारा नि दणकून जेवा." रमादादा दोन्ही करायचा. मावशीच्या हातच्या बांगड्याच्या कालवणाबरोबर तो भाताचा डोंगर संपवायचा आणि ती दाराला टेकून बघत राहायची. नवरा लवकर गेलेल्या त्या बाईला एवढंच सुख होतं.

मग मुंबईहून कुणीतरी इंग्रजी मासिकं आणली. त्यातल्या शरीरांवर कातडीखाली जणू चरबी नव्हतीच. रमादादाने भात सोडला. अंड्यातला पिवळा बलक बाजूला, फक्त पांढरं खायचं. कोंबडी उकडलेली, तीही बिनतेलाची, बिनमसाल्याची. पुढे आखातात नोकरी करणाऱ्या एका मित्राने पावडरचा मोठा डबा आणला, आणि तो डबा मावशीच्या मसाल्याच्या बरण्यांशेजारी जाऊन बसला. कोकणातल्या घरात भात न खाणारा माणूस म्हणजे आजारीच. मावशी रोज विचारायची, "भात नाय तर जेवलास तरी काय रे तू?" तो हसायचा. गणपतीत, शिमग्यात, लग्नाकार्यात सगळे पंगतीला बसायचे आणि रमादादा स्वतःचा डबा उघडून कोपऱ्यात. स्वतःच्या लग्नातही त्याने उकडलेलं चिकन खाल्लं. वहिनी ते सांगून हसायच्या, पण मावशीला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही.

जिल्ह्यात तो जिंकत गेला. मग कोल्हापूरची मोठी स्पर्धा आली. शेवटच्या आठवड्यात आधी मीठ बंद, मग पाणी जवळजवळ बंद... स्नायूची रेष न रेष दिसली पाहिजे म्हणून. लघवी जास्त व्हावी अशा गोळ्याही तो घेत होता, ते आम्हाला मागाहून कळलं. निघायच्या सकाळी मावशीने कालवण केलं होतं, तिरफळं घातलेलं. ताटात भात वाढून ती म्हणाली, "आजच्या दिवस जेव माझ्या हातचं."

"आई, स्पर्धा होऊ दे. आलो की पोटभर जेवतो."

मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्याचे ओठ फुटले होते, गाल आत गेले होते, आणि दिव्यांखाली तो एखाद्या दगडी मूर्तीसारखा देखणा दिसत होता. तो पहिला आला. गळ्यात पदक घालून पडद्यामागे आला, पायात पेटके आले आणि मला धरता धरता खाली कोसळला. दवाखान्यात सांगितलं, मूत्रपिंडांना मार बसलाय. काही दिवसांनी तो चालत घरी आला आणि त्याला वाटलं, झालो बरा. पुढच्या वर्षीची स्पर्धा डोक्यात होती. भात नाहीच. मावशीने आठवण केली की म्हणायचा, "जेवतो गं, मी कुठे पळून चाललोय?"

त्याच वर्षी थंडीत अर्धांगाचा झटका येऊन मावशीचा उजवा हात, उजवा पाय गेला. वाचाही गेली. त्यानंतर चुलीपाशी ती कधी उभी राहिली नाही.

रमादादा त्यानंतर कुठल्याच स्टेजवर चढला नाही. आईच्या खाटेजवळ बसून तो कालवण शिकू लागला. वाटण करायचं, शिजवायचं, चमच्याने तिला चाखवायचं. ती मान हलवायची... नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी. कधी तिरफळं कमी, कधी खोबरं जास्त, ती डाव्या हाताने खुणा करायची. कित्येक दिवसांनी एकदा तिने घास गिळला, डोळे मिटले आणि डाव्या हाताने वाटी त्याच्याकडे सरकवली. जेव. त्या दिवशी माझ्यासमोर त्याने भात कालवला आणि खाली मान घालून जेवला. अंगणात आल्यावर मला म्हणाला, "चव तिचीच होती रे. पण हात माझा होता."

मावशी गेल्यावर त्याने मिरजोळ्याला छोटी व्यायामशाळा काढली. येणाऱ्या मुलांना तो सांगायचा, घरी आई जे वाढते ते खा, मासे खा, डाळ-भात खा, पाणी सोडू नका. मुलांच्या हातात मोबाईल, मोबाईलमध्ये सल्ले देणारे शंभर गुरू. एक जण तोंडावर म्हणाला, "सर, डाळ-भातावर बॉडी झाली असती तर आमचे सगळे काका चॅम्पियन असते." रमादादा सगळ्यांबरोबर हसला. हळूहळू मुलं दुसरीकडे गेली. मुलांवर त्याचा राग नव्हता. "मला तरी त्या वयात कुणी सांगून पटलं असतं का?" असं तो म्हणायचा.

मूत्रपिंडं पुढे पुरती थकली. त्या गोळ्या, तो खुराक, की अंगावर काढलेला रक्तदाब, नेमकं कशामुळे ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मीठ बंद, नारळपाणी बंद, केळं बंद, आंब्याच्या दिवसांत घरभर वास असताना एक फोड, तीही विचारून. पाणी मोजून. शेवटच्या भेटीत तहान भागवायला तो नुसती चूळ भरून टाकत होता. मला म्हणाला, "तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, तरी सोडलं. आता मागतो, तर मिळत नाही."

दिवसकार्य होऊन महिना उलटल्यावर परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं. बांगड्याचं कालवण, भात. पहिला घास घेतला आणि थांबलो... कालवण पूर्ण अळणी होतं. वहिनींच्या लक्षात आलं. त्या मिठाची बरणी काढायला उठल्या आणि बरणी हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"तुम्हीच घ्या वरून, भावोजी," त्या म्हणाल्या. "माझा हात अजून जात नाही."