शेजारणीचं नाक
आमची शेजारीण मेथीची जुडीसुद्धा हुंगल्याशिवाय घेत नाही. माह्या घराची आग विझली, अन् घर थंड झाल्यावर ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. धूर लागलेलं पीठ, तेल, डाळ, एकेक हुंगून तिनं उकिरड्यावर टाकलं. मले विचारते कोण?

"धुराचं खाऊन मरता का, भाऊजी?"

मंग तिच्या हाती लोणच्याची बरणी आली. ते बायकोनं मरायच्या आधी घातलेलं शेवटचं लोणचं. बरणीचं झाकण धगीनं वितळलं होतं. शेजारणीनं हुंगलं अन् बरणी माह्यापुढं ठेवली.

"हे मी नाही फेकत. तुमीच फेका."

मी फेकलं. ती पाठ फिरवून उभी राह्यली.

संध्याकाळी भाकर-पिठलं घेऊन आली. म्हणे, "खा गुमान. अन् लोणचं मागू नका."