जिज्जीआत्याने निवडलेला क्यू

लांब, सरळ वस्तू हाती आली की जिज्जीआत्या ती डोळ्यासमोर धरायची आणि डावा डोळा मिटून तिच्या लांबीवरून पाहायची. पडद्याची दांडी असो, झाडूचा बांबू असो, नाहीतर चिरगावच्या बसथांब्यावर घेतलेला ऊस. क्षणभर पाहून "वाकडं आहे" एवढंच म्हणायची आणि वस्तू खाली ठेवायची. गुरसरायला एका चुलतभावाच्या लग्नात तर ती मांडवाच्या खांबाला गाल लावून वर बघत उभी राहिली होती. नवरीकडच्या बायकांना वाटलं, हिला चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं. आत्यानं पाणी पिऊन घेतलं आणि खांब वाकडा असल्याचं त्यांनाही सांगितलं.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. बाबा तिला इकडच्या रीतीनं जिज्जी म्हणत, आम्ही भावंडांनी त्याला आत्या जोडलं. आमचं घर झाशीत किती पिढ्यांचं आहे हे आता कोणी नीट सांगत नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि जिज्जीआत्या फारच चिडली तर बुंदेली, अशी आमची वाटणी. रेल्वेच्या आरक्षणखिडकीवर तिनं तीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कामावरून सुटल्यावर रेल्वेच्या लोकांसाठी असलेल्या एका हॉलमध्ये ती खेळायला जायची. आधी तिथं बिलियर्डचं जुनं टेबल होतं, नंतर पूलचं आलं. पदर कमरेला खोचून टेबलावर वाकणारी बाई पाहून सुरुवातीला पुरुषमंडळी उठून बाहेर जात. दोनेक वर्षांनी तीच मंडळी तिला "बहनजी, ज़रा ये शॉट देखिए" म्हणून बोलवायला लागली.

मला हा खेळ तिनंच शिकवला. कॉलेज सुटलं की आम्ही दोघी सदर बाजारातल्या पूल पार्लरमध्ये जायचो. तिथले क्यू, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, शेकडो हातांतून गेलेले, चामड्याची टोकं चपटी झालेली. दोन-तीन तर टेबलावर लोळवले की उड्या मारत जायचे. मी एकवीस वर्षांची असताना ग्वाल्हेरला बायकांची एक स्पर्धा होणार असल्याचं कळलं, दिवाळीनंतर. माझ्याकडे शिकवण्यांचे पैसे साठले होते, सहा हजारांच्या आसपास. त्यात परदेशी क्यू येत नव्हता, पण चांगला देशी येईल असं आत्या म्हणाली. तेव्हा चैत्र चालू होता. हात बसायला सहा महिने लागतात म्हणून क्यू आत्ताच घ्यायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

दुकानात नेण्याआधी आठवडाभर ती मला घरीच शिकवत होती. स्वयंपाक करता करता तिचं चालू असायचं. पैसे द्यायचे ते पुढच्या दांड्याचे, मागच्या सजावटीचे नाहीत. पुढचा दांडा मेपलचा असावा, त्यातल्या लाकडाच्या रेषा टोकापर्यंत सरळ जाव्यात, मध्ये गाठ नसावी. मूठ दोरा गुंडाळलेली असावी, कारण झाशीच्या उन्हाळ्यात नुसत्या वार्निशवर घामाचा हात घसरतो. वजन एकोणीस औंस, त्यापुढे जायचं नाही. जड क्यूनं जोर येतो हा पुरुषांचा समज आहे, जोर येतो तो हाताच्या झोक्यातून. "टोक खराब असलं तरी चालेल," ती म्हणाली. "टोक शंभर रुपयांत बदलून मिळतं, लाकूड नाही मिळत. आणि नक्षीचे पैसे मुळीच देऊ नकोस. नक्षी बॉलला लागत नाही."

सीपरी बाजारातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही भर दुपारी गेलो, गिऱ्हाईक नसेल अशा वेळी. दुकानदार भैयानं पहिलाच क्यू काढला तो काळाभोर, सोनेरी नागाचं चित्र असलेला. "दीदी, बिल्कुल फ़ैंसी पीस है," तो म्हणाला. मला तो पाहताक्षणी आवडला. आत्यानं त्याला हातही लावला नाही. तिनं काउंटरची काच पुसून घेतली, बाकीचे क्यू खोलून त्यांचे दोन्ही तुकडे काचेवर वेगवेगळे लोळवले आणि मग जोडून पुन्हा पाहिले. दोन सरळ तुकडेही जोडल्यावर वाकडे होतात, हे तिनं भैयालाच समजावून सांगितलं. तो बिचारा मान डोलवत राहिला. एकेक करून चार क्यू बाजूला गेले.

पाचवा साधा, तपकिरी, काहीही चित्र नसलेला होता. आत्यानं तो उचलला, डावा डोळा मिटला आणि पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग क्यू खाली केला, पुन्हा वर घेतला आणि या वेळी उजवा डोळा मिटून पाहिलं. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू बघ."

असं तिनं आजवर कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी पाहिलं, सरळ वाटला. तिनं फिरवून फिरवून बघायला लावलं. मी तसंही केलं. मग तिनं क्यू परत घेतला, दांड्यावरून बोटं फिरवली, मागचं टोक जमिनीवर हलकेच आपटलं आणि जोडाला कान लावला. "खडखड नाही," ती म्हणाली. "हाच घे."

वळताना तिचा उजवा खांदा बॅटींच्या घोडीवर आदळला. भैयानं चहाचा ग्लास तिच्या उजव्या हाताशी ठेवला होता, तो तिला सापडेना. काचेवर तिचा हात इकडून तिकडे फिरत होता. भैयानंच तो ग्लास पुढे सरकवला. आमच्या मराठीचा झाशीत एक फायदा होता, चारचौघांत आम्हाला एकांतात बोलता यायचं. मी विचारलं, "आत्या, तुला उजव्या डोळ्यानं दिसत नाही का?"

तिनं माझं मनगट धरलं. "मोतीबिंदू असेल," ती म्हणाली. "रेवा, घरी बोलू नकोस. आधी तुझी स्पर्धा होऊ दे."

मी बोलले नाही. तिनं शब्द घेतला होता म्हणून नाही बोलले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते अर्धंच खरं. मला एकटीला ग्वाल्हेरला कोणी पाठवलं नसतं. आत्या सोबत आहे म्हणूनच बाबा हो म्हणाले होते. तिचं दुखणं निघालं असतं तर माझं जाणं रद्द झालं असतं, हे मला त्या दुकानातच कळलं होतं. वैशाख गेला, पावसाळा गेला. तिनं निवडलेल्या क्यूनं माझा हात खरंच सुधारला. ती पार्लरमध्ये खुर्ची ओढून बसायची आणि मी कुठं चुकले ते टेबलाकडे न पाहताच सांगायची. आवाजावरून ओळखते, म्हणायची. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

ग्वाल्हेरला मी तिसरी आले. परतीच्या गाडीत आत्या इतकी खूश होती की समोरच्या अनोळखी बाईंना माझा क्यू खोलून दाखवत होती. झाशीला उतरून आम्ही स्टेशनच्या पादचारी पुलावर चढलो, आणि उतरताना तिची शेवटची पायरी चुकली. ती पायरी तिला दिसलीच नव्हती. डावं मनगट मोडलं.

हाडाच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना तिला दोन-तीन प्रश्न विचारले, मग तिच्या कानाजवळून आपलं बोट पुढे आणत दिसतंय का ते विचारलं. त्यांनीच डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं की तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी औषधानं सांभाळता येते. उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता, डाव्याचा कडेचा भाग गेला होता. बाबांनी विचारलं, आम्ही कधी यायला हवं होतं? डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा जाणवलं तेव्हा. बाबांनी आत्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

थेंब सुरू झाले, एक शस्त्रक्रियाही झाली. तरी चार वर्षांत डावा डोळाही गेला.

त्यानंतर ती खेळली नाही. पण पार्लरमध्ये येत राहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. लोक नवा क्यू घेतला की तिच्याकडे आणायला लागले. ती तो मांडीवर आडवा घ्यायची, दांड्यावरून अंगठा फिरवायची, नखानं टिचकी मारून ऐकायची. छावणीतला एक तरुण अधिकारी एकदा फार भारी क्यू घेऊन आला होता, कातड्याच्या पेटीतून. आत्यानं तो परत देत सांगितलं, "सामान अच्छा है साहब, जोड़ ढीला है। पैसा नक़्क़ाशी में चला गया।" तो हसला आणि दुसऱ्या आठवड्यात जोड दुरुस्त करून आणून तिला पुन्हा दाखवून गेला. अशा संध्याकाळी ती घरी येताना गुणगुणायची. मला मात्र तिच्यासोबत चालताना प्रत्येक पायरी मोठ्यानं मोजावी लागायची.

एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. घरात आम्ही दोघीच होतो. मी तिला सांगून टाकलं की मी त्या दिवशी गप्प बसले ते तिच्या शब्दासाठी नव्हतं, मला ग्वाल्हेरला जायचं होतं म्हणून होतं. मी तेल लावणं थांबवलं होतं. तिनं मागे हात करून माझी बोटं पुन्हा केसांत ठेवली.

"मला तुझ्या वर्षभर आधी कळलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात गेले असते तर खेळ सोडायला सांगतील, अशी भीती वाटली. दुसरं काय होतं माझ्याकडे? मी साठीची बाई, आणि तू एकवीसची. मी तुला गप्प बसवलं, हे कबूल करायचं तर मी करायचं."

सगळा दोष तिचाच, हे पूर्ण खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पण त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही आणि मला काढू दिला नाही.

ती गेली त्याला पाच हिवाळे झाले. धुकं पडलं होतं, तिला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात तीनच दिवस काढले. शेवटच्या दिवशी बोलणं बंद होतं. मी तिचा हात हातात घेऊन बसले होते, आणि तिचा अंगठा माझ्या मधल्या बोटावरून, पेरावरून पेरावर, सावकाश फिरत होता. दुपारी तो थांबला.

मागच्या मार्गशीर्षात मी चष्म्याचा नंबर बदलायला गेले. डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, थोडं थांबून पुन्हा मोजला आणि घरात कोणाला काचबिंदू होता का ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आणखी तपासण्या केल्या, थेंब लिहून दिले, भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "बहुत अच्छा हुआ, वक़्त पर आ गईं।"

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला. त्याला मी सगळं सांगणार होते, माझ्या डोळ्यांचं आणि सीपरी बाजारातल्या त्या दुपारचंही. तो ऑफिसात होता. संध्याकाळी बोलू का, म्हणाला. मी म्हटलं, "नाही रे, आत्ताच बोलायचंय." तो उठून बाहेर मोकळ्या जागी येईपर्यंत मी फोन कानाला लावून तिथंच उभी राहिले.