ऑर्ट्रुन सगळ्यांच्या मागे चालायची

ऑर्ट्रुन कुणाला आपल्या पाठीमागे चालू द्यायची नाही. रविवारी आम्ही सात-आठ जण रानात चालायला जायचो, आणि ही सगळ्यांत शेवटी. "मागचा माणूस काय करतो ते दिसत नाही," म्हणायची. अपवाद फक्त माझा. मी तिच्या मागे, शेजारी, कुठेही असले तरी तिला चालायचं. तीस वर्षं आम्ही दोघी काचेच्या कारखान्यात एकाच बाकावर बसून नाताळच्या झाडाचे गोळे रंगवले होते, आणि आमची घरंही समोरासमोर होती.

तिच्या संशयाला गाव सरावलं होतं. खाटीक वजन करताना काट्यावर अंगठा ठेवतो, टपालवाला पाकिटं वाफेवर उघडतो, पाद्रीबुवांना फार गोष्टी ठाऊक आहेत. वाटेत कुणी अनोळखी माणसाने नमस्कार केला तर ती आधी त्याचे बूट बघायची आणि मग उत्तर द्यायची. रानात स्वच्छ बूट घालून फिरतो तो सरकारी माणूस, हा तिचा हिशेब. खरं सांगायचं तर त्या काळात तो पुष्कळदा बरोबर निघायचा.

तिला एकच माणूस शोधायचा होता. तिची आई दोन जर्मनींमधल्या सीमेच्या कुंपणापलीकडे, पश्चिमेला, कोबुर्गला धाकट्या मुलीकडे राहायची. आमच्या गावापासून सरळ चालत गेलं तर एका दिवसाचं अंतर. चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात आई गेली. अशा वेळी आमचं सरकार पलीकडे जायची परवानगी देत असे. गावातल्या दोघांना त्याच वर्षी मिळाली होती. ऑर्ट्रुनला नाकारली, कारण सांगितलं नाही. आईवर माती पडली तेव्हा ही माझ्या स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलत होती. "कुणीतरी तोंड उघडलंय," ती म्हणाली. "मरायच्या आधी मी त्याला शोधणार." मी तिला कॉफी करून दिली.

दुसरी गोष्ट तिच्या खिडकीतल्या दगडाची. आमच्या डोंगरमाथ्यावरून जी जुनी पायवाट जाते, तिच्या एका टोकाला वेरा नदी आणि दुसऱ्या टोकाला झाले नदी. वेरातला खडा उचलायचा, खिशात ठेवून सगळी वाट चालायची आणि झालेत टाकायचा, असा रिवाज. मध्ये गाडीत बसलात की खडा मेला. ऑर्ट्रुन आणि तिचा नवरा लोथार एकोणसाठ साली वेराचा खडा घेऊन निघाले आणि आमच्या गावापर्यंत आले. पुढे तारांचं कुंपण. लोथारने खडा खिडकीत ठेवला आणि म्हणाला, उरलेलं नंतर. तो अठ्ठ्याहत्तर साली वारला. नव्वदच्या वसंतात तारा निघाल्या तेव्हा ऑर्ट्रुनने खडा पुसून खिशात घातला. अर्ध्यावरून नाही, पहिल्यापासून चालायचं ठरवलं. सहा दिवसांची वाट, वय बासष्ट.

आम्ही पाच जण निघालो. त्यात एगबर्ट होता, निवृत्त वनरक्षक. वनरक्षकांना कुंपणाजवळच्या पट्ट्यात जायचा परवाना असे, म्हणजे हाच खबऱ्या, असा ऑर्ट्रुनच्या लेखी निकाल लागलाच होता. त्यात भर म्हणजे हा गृहस्थ दर तासाला पिशवी घेऊन झाडामागे जायचा आणि पाच मिनिटांनी यायचा.

"लघवीला जात असेल गं," मी म्हटलं.

"पिशवी घेऊन? लिहितोय तो. कोण किती वाजता काय बोललं ते."

"आता देणार कुणाला? गुप्त पोलिसांच्या कचेरीला टाळं लागलं."

"सवयीला टाळं लागतं का?" ऑर्ट्रुन म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरची नजर काढेना.

तिच्या मांड्या जाड, चालताना एकमेकींवर घासायच्या. वीस वर्षं तिचा एकच उपाय होता. आईने शिकवलेला. निघायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात यायची, माझ्या खणातला मेणबत्तीचा तुकडा घ्यायची आणि लांब सुती चड्डीला, जिथे घासतं तिथे, आतून-बाहेरून मेण चोळायची. मेण लावलेलं कापड कापडावरून घसरतं, कातडीला काचत नाही. घरी का करत नाही विचारलं तर म्हणे, "लोथार हसायचा." लोथार गेल्यावरही ती माझ्याकडेच येत राहिली.

पण या वेळी बाईसाहेबांनी कोबुर्गच्या बाजारातून जांभळी चकचकीत पँट आणली होती. त्या नायलॉनवर मेण टिकेना. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, ओली शिवण आणि घाम, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही मांड्या सोलवटून निघाल्या. आमच्याकडे याला लांडगा लागला म्हणतात. लागलेला माणूस कबूल मात्र करत नाही.

मुक्कामाच्या खानावळीत तिच्या खोलीतून किंचाळी आली म्हणून मी धावले. तिने सोललेल्या कातडीवर कापूर घातलेलं स्पिरिट ओतलं होतं.

"अगं, वेडी का खुळी?"

"कातडी घट्ट होते त्याने."

"चालायच्या आधी महिनाभर लावलं तर होत असेल. आता नुसती आग होणार."

मी कोमट पाण्याने धुतलं, न चोळता टिपलं आणि तिला खिडकीपाशी पाय फाकवून बसवलं, वारा लागावा म्हणून. सकाळी तिने ऐकलं नाही, बटाट्याचं पीठ भुरभुरलं. पाऊस होताच. दहाच्या सुमाराला त्या पिठाची कणीक झाली, आणि ती कणीक पुन्हा घासायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी एका खिंडीत ती ओंडक्यावर बसली ती उठेना. समोर बसथांबा होता. खडा काढून तिने तळहातावर ठेवला.

"बस पकड," मी चिडून म्हटलं. "लोथारला सगळं कळतं. तो समजून घेईल."

"तो घेईल. मी नाही घेणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते मी पाहू नये म्हणून ती बुटांच्या नाड्या बांधायला लागली.

तेवढ्यात एगबर्ट पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. हातात एक चपटी डबी.

"हरणाची चरबी आहे, बाई. घरी वितळवून थोडं मधमाश्यांचं मेण घातलंय. मला... मलाही लांडगा लागतो. दर तासाला लावलं की लागत नाही. म्हणून झाडामागे जातो."

ऑर्ट्रुनने त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. "तेवढ्यात पानभर लिहूनही होतं."

त्याने पिशवी ओंडक्यावर उपडी केली. एक फडका, एक कोरडी चड्डी, कलेजीचं सॉसेज लावलेला पाव. ना वही, ना पेन्सिल.

"आधी तुमच्या हाताला लावा."

त्याने लावलं. तिने वास घेतला आणि मनगटावरचं घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्या हाताकडे बघत बसली. मधल्या काळात बस आली, चालकाने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि दार लावून निघून गेला.

मग आम्ही दोघी झाडामागे गेलो. जांभळी पँट काढली, जागा पुसून कोरडी केली, चरबीचा पातळ थर दिला. माझी सुती चड्डी तिला उलटी घालायला लावली, म्हणजे शिवण बाहेरच्या बाजूला. "बोकडासारखा वास येतोय," ती कुरकुरली. पण चालायला लागली. दर तासाला एगबर्ट एका झाडामागे आणि आम्ही दुसऱ्या.

सहाव्या दिवशी ती बदकासारखी फेंगडी चालत पुलावर पोचली आणि खडा झालेत टाकला. आवाजसुद्धा झाला नाही. ती ढसाढसा रडली, आणि मीही. मग नाक पुसून एगबर्टला म्हणाली, "डबी संपली की भरून द्याल? संशय मला अजून आहेच, पण चरबी चांगली आहे."

दोन वर्षांनी जुन्या कचेरीतल्या फायली लोकांना बघायला मिळू लागल्या. ऑर्ट्रुनने अर्ज केला. ती जिल्ह्याच्या गावी गेली त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही.

आता सांगते. त्र्याहत्तरपासून दर महिन्याला त्या कचेरीतला एक माणूस कारखान्यात येऊन मला मागच्या खोलीत बोलवायचा. माझ्या मुलाला कॉलेजात जागा हवी होती, म्हणून खबरा द्यायच्या कागदावर मी सही केली होती. पण मनाशी ठरवलं होतं, कुणाचं वाईट होईल असं एक अक्षर बोलायचं नाही. म्हणून फालतू काहीतरी सांगायचे. हिचे बटाट्याचे गोळे पाण्यात फुटतात. हिचं खाटकाशी भांडण झालं. आणि एकदा, हसवायला म्हणून, लांब चालायचं असलं की ही चड्डीला मेणबत्ती चोळते. तो हसला होता. हसता हसता त्याने लिहून घेतलं.

संध्याकाळी ऑर्ट्रुन माझ्याकडे आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि कागद समोर सरकवला. त्यावर टंकलेलं होतं: 'सदर स्त्री लांब अंतर चालण्याची गुप्त तयारी करते. मांड्या सोलवटू नयेत म्हणून कपड्यांना मेण लावते. सीमेपलीकडे पळण्याचा इरादा संभवतो. प्रवासाची परवानगी देऊ नये.' तारीख, नोव्हेंबर चौऱ्याहत्तर. खाली माझं नाव नव्हतं, त्यांनी दिलेलं खोटं नाव होतं.

"मेणबत्तीचं लोथार सोडला तर फक्त तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"बाकी मी काहीच सांगितलं नाही, ऑर्ट्रुन. देवाशपथ."

"एवढंच पुरलं त्यांना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "काखेत कळसा," असं काहीतरी पुटपुटली, माझा खण उघडला, मेणबत्तीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि दार हळू लावून गेली. तुकड्यावर तिच्या बोटांचे खळगे होते. मी तो तसाच ठेवलाय.

रविवारी मी जाणार नव्हते, पण सात वाजता तिने नेहमीसारखी काठीने खिडकी वाजवली. गेले. रानाची वाट सुरू झाली तशी मी सवयीने रेंगाळले, तिच्या शेजारी यावं म्हणून. ती थांबली.

"तू पुढे चाल, इर्मे," ती म्हणाली.

मी पुढे झाले. वळणावर एकदा मागे पाहिलं. तिच्या पाठीमागे एगबर्ट चालत होता.