उचकी

पडद्यावर तो मुलाच्या प्रेतापाशी बसला होता आणि सगळं थिएटर हसत होतं.

बरीच वर्षं त्याने गणपतीच्या मंडपांत एकपात्री विनोदी कार्यक्रम केले. रडायचं सोंग आणताना तो एक लांबलचक उचकी काढायचा आणि लोक मंडप डोक्यावर घ्यायचे. आता पहिल्यांदाच सिनेमात त्याला गंभीर भूमिका मिळाली होती. मुलाच्या तोंडावरची चादर बाजूला करताना त्याला हुंदका आला, आणि तो नेमका त्या उचकीसारखा निघाला. लोक हसले. मीही हसलो.

तो स्वतः माझ्या पुढच्याच रांगेत बायकोसोबत बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं. रागाने नव्हे, न हसणारा एखादा चेहरा शोधत असावा. त्याची नजर माझ्यावर आली तेव्हा माझे दात बाहेरच होते.

एखाद्याने आपल्याला वर्षानुवर्षं हसवलं, की त्याचं दुःख आपण त्याच्याकडून घेतच नाही. वर याला आपण प्रेम म्हणतो.

खेळ सुटल्यावर दारात त्याच्याभोवती गराडा पडला. "दादा, ती उचकी काढा ना एकदा!"

"अहो, चला घरी," बायको म्हणाली.

मी गर्दीत घुसून त्याचा हात धरला. "खरं सांगतो, तुमचं ते रडणं..."

"कुठलं? हे?" म्हणत त्याने उचकी काढली.

सगळे खिदळले. त्याचा हात अजून माझ्या हातात होता, आणि मला हसू आवरेना.