मोटारीची वेसण

थकलेली मोटार कवा घरी बसवून टाकायची हे चालवणाऱ्यानं ठरवावं. आमच्या घरी ते माझ्या मोठ्या भावानं ठरवायचं, आणि त्याले स्टेअरिंग धरता येत नव्हतं.

छप्पन साली, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला तवा, त्यानं यवतमाळच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी मोटार घेतली. आमचं एकत्र घर, बोरी अरबकडं कापसाची शेती. मालक तो, ड्रायव्हर मी. काही वर्षांत मोटार पार थकली. चढावर पाणी उकळे, मागचं दार सुतळीनं बांधावं लागे. हे मी चालवून घेतलं. पण ब्रेक लागत नव्हता. एकदा दारव्ह्याच्या बाजारात टरबुजाच्या ढिगात घातली तवा थांबली. मिस्त्रीनं सांगितलं, आता हिचे पार्ट मिळत नाहीत, घरी ठेवा.

भावाले हे सांगितलं. म्हणे, "भेव वाटते तं बांगड्या भर."

पोळ्यानंतर त्याच्या सासरी, उमरखेडले, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घरातली सारी लेकरं मोटारीत घालून न्यायची होती त्याले. मधात घाट. एसटी जात होती, तिच्यानं जाऊनही पोटभर जेवता आलं असतं. पण सासऱ्याच्या दारात मोटारीतून उतरायचं होतं ना! त्याच्यापायी माझे लेकरं घाटात घालायचे. मी दोनदा भांडलो, त्यानं दोनदा चूप बस म्हटलं.

माझी बायको काही बोलू शकत नव्हती. आमच्यात लहान भावाची बायको मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाही. पदर ओढायचा आणि बाजूनं जायचं.

आमच्या घरची एक रीत होती. म्हातारा बैल विकत नव्हतो. पोळ्याले पूजा झाली की घरची बाई त्याची वेसण काढून सासूच्या हातात द्यायची. त्यानंतर त्याले कोणी जुंपायचं नाही. मरेपर्यंत गोठ्यात बसून खायचं त्यानं.

त्या पोळ्याले बैलं तोरणाखालून सुटून दारी आले. मागं अर्धं गाव. बायकोनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली, आणि ताट घेऊन मोटारीकडं गेली. बोनेटवर हळद-कुंकू लावलं. भाऊ खूश. मग तिनं समोरचं लोखंडी हँडल, जे फिरवल्याशिवाय मोटार चालूच होत नव्हती, ते उपसलं आणि ओट्यावर बसलेल्या माझ्या आईच्या हातात दिलं.

"आत्याबाई, वेसण काढली. थकली ते आता."

"हे काय जनावर आहे?" भाऊ वरडला. "आण ते इकडं."

ती आईकडंच पाहून बोलली, "मोठ्यायले सांगा आत्याबाई, जनावर थांब म्हटलं तं थांबते."

लोकं हसले. आमच्या शेजारचा म्हातारा म्हणे, "बाप्पा, वेसण काढल्यावर जुंपता काय? गावानं पाह्यलं न आता."

आईनं हँडल मांडीखाली दाबलं. "माह्या हातात आली. नाही जुंपायची," म्हणे.

भाऊ सर्वांदेखत आईच्या मांडीखालून ते ओढू शकत नव्हता. एसटीनं गेला, सारी लेकरं घेऊन. लेकरं पुरण खाऊन धडधाकट घरी आले. भावानं मात्र माझ्या बायकोले येडी ठरवलं, आणि ते नाव तिले शेवटपर्यंत चिकटलं. जन्मभर ती ते ऐकत राह्यली. मले तिनं कवाच भांडू दिलं नाही.

औंदा ती गेली. तेरवीच्या पंगतीत माझ्या पुतण्यानं, ह्याच भावाच्या पोरानं, हे मजेत सांगितलं. काकूले मोटार म्हणजे बैल वाटे म्हणे. पंगत हसली.

मी त्याच्यासमोरची पत्रावळ उचलली. म्हटलं, "तिले सारं समजत होतं. उमरखेडले जाणाऱ्या लेकरांत तूही होता. तिनं वेसण काढली म्हणून आज जेवून राह्यला. ऊठ."

भाऊ मधात पडला. "जेवत्या माणसाले उठवतं काय बे?"

"तूही ऊठ," म्हटलं.