आपल्याच गल्लीतले कावळे

जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मावशींचा कुणावरही काडीचा विश्वास नव्हता. दूधवाला दुधात पाणी घालतो, नवरा चष्मा शोधायच्या निमित्ताने कपाट उचकतो, आणि धाकटी जाऊ मागच्या अंगणात कोंबड्या पाळते ती फक्त आपल्या डोळ्यांत खुपाव्यात म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत. अशा बाईवरच संशय घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांचा तोल जाणारच.

दवाखान्याचा नियम साधा होता. पक्षी आला की औषधाचा थेंबही देण्याआधी त्याच्या विष्ठेचा नमुना कापसाच्या काडीवर घ्यायचा. तारेला धडकलेला एक कावळा आला. त्याच्या पोटातले जंतू नेहमीच्या कुठल्याच औषधाला दाद देईनात. पाठोपाठ दुसरा आला, तोही तसलाच. डॉक्टरीणबाईंनी मावशींना आत बोलावून दार लोटलं.

"मावशी, खरं सांगा. कंटाळा केलात आणि औषधावरच्या जुन्या पक्ष्याचा नमुना नव्याच्या नावावर खपवलात ना?"

"देवाशप्पथ नाही!"

"मग मोकळ्या फिरणाऱ्या पाखराच्या पोटात हे जंतू आले कुठून? सतत थोडं थोडं औषध मिळालं की जंतू निर्ढावतात. कावळ्याला औषध कोण पाजतंय? पुन्हा असं झालं, तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

मावशी तणतणत बाहेर आल्या. कावळे आणून देणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी गाठलं. दोन्ही कुठे सापडले? तो म्हणाला, "तुमच्याच गल्लीत की! तुमच्या घराच्या मागे."

मावशींना आणखी काय हवं होतं? चोर घरातच सापडला.

घरी पोचल्या त्या थेट मागच्या अंगणात. धाकटी कोंबड्यांचं पाणी बदलत होती.

"काय घालतेस गं त्यात?"

"विष. देऊ थोडं?"

"दात काढू नकोस. कोंबड्या आजारी पडू नयेत म्हणून औषध घालतेस, आणि कावळे तेच पितात. इकडे माझी नोकरी जायची वेळ आलीय!"

धाकटीने बादली खाली आदळली. "ताई, मी साधं पाणी घालते. औषध शोधायचंय ना, मग स्वतःच्या डब्यात शोधा! रोज दवाखान्यातून उरलेला दाणा आणून इथे ओतता. वर 'अन्न टाकवत नाही बाई' म्हणता. आजारी पाखरांचं औषध कशात कालवतात हो?"

मावशींनी उकिरड्याकडे पाहिलं. दाण्यात भुकटी कालवायचं काम त्यांचंच. निम्मे पक्षी शिवतही नसत, आणि वाटीतलं ते सगळं कचऱ्यात लोटायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. आत्ताही उकिरड्यावर कोंबड्यांना हुसकून तीन कावळे त्याच दाण्यावर ताव मारत होते.

रात्रभर त्या कूस बदलत राहिल्या. धाकटी सांगेल? छे, तिला काय पडलंय. पण भांडण झालं की सांगेलच. आणि भांडण तर ठरलेलं! तिच्याआधी आपणच पोचलेलं बरं, या एकाच धास्तीने सकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे सगळं ओकून टाकलं.

बाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं. "एका डब्यानेच झालं, असं नाही म्हणता यायचं," त्या म्हणाल्या. "गटार आहे, कचरा आहे, कावळा कुठे कुठे तोंड घालतो. तुमच्या अंगणातले नमुने लागतील."

"आणि माझी नोकरी?"

"ते नमुने आल्यावर बघू."

संध्याकाळी मावशी काड्या घेऊन अंगणात उतरल्या. धाकटी कमरेवर हात ठेवून आडवी आली.

"माझ्या कोंबड्यांवर ढकलायचा बेत दिसतोय."

"तुला तसंच वाटणार, ठाऊक होतं मला," मावशी म्हणाल्या. त्यांनी एक कोंबडी बगलेत धरली. "म्हणून इथेच उभी राहा. काडी नळीत जाऊन बूच लागेपर्यंत नजर हलवू नकोस. उद्या बाईंनी विचारलं, तर सांगायला कुणीतरी हवं."

धाकटी पुढे सरकली, अगदी नाक लावून बघायला लागली. "ही काडी आधीच वापरलेली नाही ना?"

मावशींनी काडी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "बघ. नीट बघून घे."