तीन बाजूंनी लिंपलेली खिडकी

बकऱ्या मोजताना ती आकडे म्हणायची नाही, एकेकीच्या शिंगाला बोट लावायची. सातूच्या पिठाची वाटी चाटून पुसून परत अंगरख्यात ठेवायची. पाहुण्यांचे बूट दाराकडे तोंड करून लावायची. मिठाच्या चहाचे दोन घोट घेतले की कप पुन्हा भरायची. नको म्हणणाऱ्याचा आधी. कोरड्या संडासात माती कशी टाकायची, हे परदेशी पाहुण्यांना भाषेवाचून, हातात फावडं घेऊन, उकिडवं बसून दाखवायची. आणि गावात घरं किती, असं विचारलं की अकरा म्हणायची. त्यातल्या दोन घरांना कुलूप होतं. ती तीही मोजायची.

कुंझेस माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. गावात सगळे तिला आचे, म्हणजे ताई म्हणायचे; आदराने आचे-ले. एकटीच राहायची. मी साहित्य शिकून जम्मूहून गावी परतलो तेव्हा सगळे विचारत होते, नोकरी कधी? तिने विचारलं, "तुझ्या पुस्तकांत बकऱ्या असतात का रे?"

"फारशा नाहीत, आचे."

"मग शिकलास काय?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला चराईला घेऊन गेली.

गावच्या बकऱ्या चारायला आमच्याकडे प्रत्येक घराची पाळी असते, खालच्या घरापासून वरपर्यंत. एका घराला कुलूप लागलं की बाकीच्यांची पाळी लवकर येते. डोंगर चालायला येणारे, पैसे देऊन राहणारे पाहुणे मात्र सगळे खालच्या मोठ्या घरात उतरायचे. तिथे काचेची खोली होती. कुंझेसने बैठकीत सांगितलं, पाहुण्यांनाही बकऱ्यांचाच क्रम.

"पाहुणे काय बकऱ्या आहेत?" मोठ्या घरचा मालक उसळला.

"तेही डोंगर चढतात, दमतात, खातात आणि झोपतात. दूध तेवढं देत नाहीत."

सगळे हसले आणि पाळी ठरली. तीन वर्षांत आठ घरांतलं कोणीही खडी फोडायला रस्त्यावर गेलं नाही.

नववं घर मेमे आंगचुकचं, म्हणजे आंगचुक आजोबांचं, सगळ्यांत वरचं. म्हाताऱ्याकडे एकच उबदार खोली, त्यात तो स्वतः. पाळी आली की त्याला वगळावं लागायचं. मुलगा खिंडीच्या रस्त्यावर मजूर होता. त्याने वसंतात निरोपाबरोबर नवं कुलूप पाठवलं: यंदाही पाहुणे नाही आले तर घर बंद करा, आमच्या तंबूत स्वयंपाकाला या.

कुंझेसने ते कुलूप हातात घेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही मेमेकडे खोली बांधायला लागलो. ऑगस्टअखेर खोली उभी राहिली. खिडकीची काच तेवढी लेहहून यायची होती. ती आली, खेचराच्या पाठीवर, तुकडे होऊन.

त्याच दुपारी मुतुप वाटाड्या दोन पाहुणे घेऊन आला. मोसमातले शेवटचे. पाळी मेमेची.

"आचे-ले, तिथे खिडकी नाही, नुसतं भोक आहे," मुतुप म्हणाला. "या वेळी वरचं घर राहू द्या. पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ म्हणजे पुढचं वर्ष. तोवर मेमे तंबूत भांडी घासत असेल."

"पण पाहुणे गारठले तर शिव्या मला."

"त्यांना चहा पाज. सावकाश. दोन तास."

"दोन तासांत काय होणार?"

ती ऐकायला थांबली नव्हती. मी मागे धावलो. ती पहारीने स्वतःच्या स्वयंपाकघराची खिडकी उचकटत होती.

"आचे, थंडीत काय करशील?"

"प्लास्टिक लावीन. पकड ती बाजू, बडबड नंतर."

चौकट पाठीला बांधून ती चढ चढली. मेमे दारातच उभा. "वेडी झालीस का गं?"

"मेमे-ले, भोक तुमचं मोठं आहे. शिव्या नकोत, दगड द्या."

खिडकी बसली. फटींत आम्ही चिंध्या कोंबल्या.

पाहुणे एका रात्रीसाठी आले होते, सहा रात्री राहिले. त्यातली बाई सकाळभर त्या खिडकीत बसायची. "माझ्याच डोंगराकडे बघायची रे," मेमे मला म्हणाला. "सत्तर वर्षांत मी कधी नीट पाहिलाच नाही त्याला." हिवाळ्याचं पीठ आलं, तेल आलं. मुलाचं कुलूप त्याने बकऱ्यांच्या गोठ्याला लावलं.

पाहुणे गेल्यावर चौथ्या दिवशी कुंझेस खिडकी नीट लिंपायला वर गेली. मेमे चहा करायला उठला.

"मीठ बेताने, मेमे-ले. मागच्या वेळी खारं तळंच पाजलंत."

तो चहा घेऊन आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. हातावरची माती ओली होती, श्वास थांबला होता. ती सेहेचाळीस वर्षांची होती.

पाच दिवसांनी तिच्या घराची चराईची पाळी आली. कोणी काही ठरवलं नव्हतं. पहाटे मेमे आंगचुक काठी घेऊन उतरला आणि एकेका शिंगाला बोट लावत बकऱ्या बाहेर काढू लागला. तिच्या घराला कुलूप नाही. स्वयंपाकघराच्या भोकावरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडतं.

वरची खिडकी तीन बाजूंनी लिंपलेली आहे. चौथ्या बाजूला अजून चिंध्या दिसतात. खाली घमेल्यात माती वाळली आहे. तिच्यात चार बोटं उमटली आहेत.